प्रकल्प नोंदी: १.३ जिप्सी इंजिनाचे कनेक्टिंग रॉड बोल्ट बदलताना

काम जळगावच्या पत्र्याच्या शेडमध्ये झालं. इंजिन मारुती जिप्सीचं १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्हचं: बोअर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५ मिमी. गाडी ऑटोक्रॉससाठी (मोकळ्या मैदानावरच्या शर्यतीसाठी) तयार होतेय. कॅम आणि इसीयू (इंजिन चालवणारा संगणक) बदलल्यावर इंजिन ७५०० आरपीएमपर्यंत ओढतं. आधी ६५०० च्या वर जाण्यात काही फायदाच नव्हता. पिस्टन आणि त्यांना क्रँकशी जोडणारे रॉड मूळचेच आहेत, बदलायचे होते फक्त रॉडच्या खालच्या टोकाची कॅप धरणारे बोल्ट. 'फक्त' हा शब्द महागात पडला. दोन आठवडे धरले होते, लागले नऊ.

७ एप्रिल २०२४

चेंबर (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) उतरवलं, कॅप काढल्या. तिसऱ्या सिलिंडरच्या वरच्या शेलवर (बेअरिंगच्या अर्धगोल पट्टीवर) एका कडेला तांबं दिसायला लागलंय, बाकीचे ठीक. जुन्या बोल्टची पहिली तपासणी बिनपैशाची असते. नट हाताच्या बोटांनी शेवटपर्यंत फिरवून बघायचा. आठपैकी तीन नट मध्येच जड झाले. तिथे बोल्ट ताणून बारीक झालाय आणि आट्यांची पिच बिघडलीय. असा बोल्ट परत लावायचा नाही, मग गाडी रोज बाजारात जाणारी असो की शर्यतीची.

कॅपवर नंबर टाकायला सेंटर पंच मारू नका. कॅपचा आकार मायक्रॉनमध्ये मोजायचा असतो आणि पंचाचा एक ठोका तो बिघडवायला पुरतो. पेंट मार्कर वापरला. सिलिंडर नंबर रॉडवर आणि कॅपवर, दोन्हीकडे एकाच बाजूला. एका रॉडची कॅप दुसऱ्याला चालत नाही, बसते मात्र सहज. फसगत तिथेच होते.

९ एप्रिल

बोल्टवर किती ओढ येते ते काढलं, कारण त्याशिवाय 'जास्त मजबूत' म्हणजे किती मजबूत हे कळत नाही. पिस्टन २५२ ग्रॅम, पिन ६८, रिंगा २२, रॉडच्या वरच्या टोकाचा वाटा १२८. एकूण ४७० ग्रॅम वरखाली होतात. कॅप सोडून रॉडचा खालचा भाग आणखी १९० ग्रॅम. रॉडची लांबी सेंटर ते सेंटर १२० मिमी.

एका रॉडवरची ओढ ६५०० ला साधारण १४ किलोन्यूटन, ७५०० ला १८.८ आणि ९००० ला २७. ती दोन बोल्टांत वाटली जाते. आरपीएमच्या वर्गाने वाढते, म्हणून हजारभर आरपीएम 'थोडेसेच' नसतात.

९००० कुठून आले? इसीयूचा लिमिटर पेट्रोल नाहीतर स्पार्क तोडतो, पण गियर चुकला तर चाकं इंजिनला ओढून वर नेतात, आणि तिथे लिमिटर काहीही करू शकत नाही. उतारावर चौथ्यातून तिसऱ्यात जाताना हात चुकून पहिल्याच्या बाजूला गेला की काम झालं. शिवाय थ्रॉटल बंद असतो. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन वर जात असताना त्याला अडवायला वर गॅसचा दाबही नसतो. सगळा भार बोल्टांवर. मोकळ्या मैदानावरच्या शर्यतीत ही चूक दर मोसमात कोणाच्या तरी हातून होतेच, म्हणून हिशेब ९००० चा धरला.

एक स्पष्टच लिहून ठेवतो. ७००० च्या आत चालणाऱ्या इंजिनाला कंपनीचे नवे बोल्ट नीट ताण देऊन लावले तर पुरतात. तुटलेल्या बोल्टांतले बरेचसे कमजोर नसतात, ढिले बसवलेले असतात. नाहीतर आधी तेल संपून बेअरिंग पकडलेलं असतं आणि बोल्ट नंतर तुटतो, पण नाव त्याचंच होतं.

१४ एप्रिल

पर्याय चार निघाले.

हार्डवेअरचे १२.९ ग्रेडचे अ‍ॅलन बोल्ट: अजिंठा चौफुलीच्या आसपास मिळतात, आठ बोल्ट तीनशेच्या आत. कागदावर १२२० मेगापास्कल, म्हणजे साधारण १,७७,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). मोह होतो. पण रॉडचा बोल्ट नुसता ओढत नाही, त्याचा मधला जाड भाग कॅपला जागेवर धरतो. अ‍ॅलन बोल्टची दांडी भोकात सैल बसते, कॅप मिलिमीटरचे दोन-तीन शतांश सरकते आणि बोअर अंडाकृती होतं. डोकं गोल असल्याने नट आवळताना बोल्टच फिरतो. रद्द.

कंपनीचे नवे बोल्ट: स्वस्त, पण ९००० च्या चुकीला जागा कमी उरते.

एल १९ स्टीलचे: २,६०,००० पीएसआय. वाचायला छान. पण या स्टीलला ओलावा आणि घाम चालत नाही. गंजाची सुरुवात आणि हायड्रोजनमुळे येणारा ठिसूळपणा यात बोल्ट काही न सांगता तुटतो. उघड्या हाताने धरायचा नाही, कायम तेलात ठेवायचा. मे महिन्यात शेडमध्ये ४३ अंश असताना, कपाळाचा घाम कामावर पडत असताना, हे जमणार नाही. रद्द.

उरले ८७४० क्रोममॉली, १,८०,००० ते २,००,००० पीएसआय, आणि एआरपी २०००, २,२०,००० पीएसआय. या इंजिनासाठी नावानिशी सेट शोधण्यापेक्षा मापावरून शोधलं: दांडीचा व्यास, कॅप धरणाऱ्या भागाचा व्यास, डोक्याखालची लांबी, आट्यांची पिच, डोक्याची सपाट बाजू. पाचही मापं जुळायला हवीत. चार जुळून चालत नाही. एआरपी २००० घेतला, आठ नाही तर दहा नग. दोन जास्तीचे मागवणं ही या प्रकल्पातली एकमेव दूरदृष्टी.

२६ एप्रिल

आधी अर्ध्या किमतीत मिळालेला एक सेट आला होता. वजन केलं तर एकाच सेटमधल्या बोल्टांत ०.६ ग्रॅमचा फरक, लांबीत ०.३ मिमी. डोक्यावरची अक्षरं मात्र सुबक. परत पाठवला. कुरिअरचे ३८० रुपये आणि बारा दिवस गेले.

३ मे

खरे बोल्ट आले. ड्यूटी आणि वाहतुकीसह दहा नग २१,४०० रुपये. प्रत्येकाला मार्करने नंबर, आणि मोकळी लांबी वहीत. ही वही पुढे बोल्टपेक्षा जास्त कामाला येते. सोबतच्या कार्डावर ताण ०.१५ ते ०.१७ मिमी दिलाय, म्हणजे आवळल्यावर बोल्ट इतका लांब व्हायला हवा. आमचं लक्ष्य ०.१६.

५ मे

जुने बोल्ट रॉडमध्ये दाबून बसवलेले असतात. पहिला हातोडीने काढला. चूक. बोल्ट निघाला, पण तिरका ठोका बसून डोक्याच्या बैठकीच्या कडेला खरवड उठली. ती बारीक ऑइलस्टोनने काढावी लागली, एक तास गेला. बाकीचे सात हँडप्रेसवर, रॉडला खालून पितळी ठोकळ्याचा आधार देऊन. सातही मिळून वीस मिनिटं.

नवे बसवताना डोक्याखालची गोलाई बघा. मजबूत बोल्टांच्या डोक्याखालची गोलाई मोठी असते, म्हणजे तिथे चीर पडत नाही. रॉडच्या भोकाचा चँफर (कडेचा उतार) मात्र जुन्या बोल्टाच्या मापाचा. डोकं सपाट जागेवर न बसता गोलाईवरच टेकतं. वरून बसल्यासारखं दिसतं, ०.०५ चा फीलर (फट मोजायची पत्ती) आत जातो. असं आवळलं तर पहिल्या काही तासांत ते बसून जातं आणि ताण निघून जातो. आठपैकी पाच जागी फीलर गेला. चँफर ४५ अंशाच्या काउंटरसिंकने हाताने वाढवला, एका वेळी थोडा, दर वेळी निळा रंग लावून. घाई करून ड्रिल मशीनवर करू नका.

८ मे

पहिल्यांदा आवळलं, आणि इथे सगळ्यात मोठी चूक. टॉर्क पाना न तपासता वापरला. ४५ न्यूटन-मीटर लावून सगळे आवळले. सात बोल्टांचा ताण ०.१७ ते ०.१८, नंबर ६ चा एकदम ०.२१. त्याच्या नटखाली मोली (मॉलिब्डेनमचं) ग्रीस जास्त लागलं होतं, घर्षण कमी, म्हणून तेवढ्याच टॉर्कला तो जास्त ओढला गेला. लगेच ढिला केला. मोकळी लांबी वहीपेक्षा ०.०२ मिमी जास्त. ०.०२५ ला बोल्ट बाद करतात, म्हणून हा ठेवला. नको होता ठेवायला.

१० मे

टॉर्क पाना तपासला. चौकोनी टोक व्हाइसमध्ये, पाना आडवा, मुठीच्या मधल्या खुणेवर दोरीने १० किलोचं वजन. वजन सावद्याच्या केळीच्या वखारीतून आणलेलं, शिक्का मारलेलं. भंगारातला लोखंडी तुकडा नको. टोकापासून मुठीपर्यंत ३१० मिमी, म्हणजे ३०.४ न्यूटन-मीटर, वर पान्याच्या स्वतःच्या वजनाचे सव्वा धरून ३१.६. पाना ३१.६ वर लावला तर क्लिकच नाही. खाली आणत आणत २८ ला क्लिक झाला. म्हणजे तो दाखवतो त्याच्या सुमारे १३ टक्के जास्त आवळतो. परवाचे ४५ खरे ५१ होते.

पान्याची स्प्रिंग कायम आवळलेली ठेवली होती, तीही चूकच. काम झालं की सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा असतो, हे सगळ्यांना माहीत असतं.

१२ मे

ताण मोजायला गेज लागतं. विकतचं महाग, म्हणून एमआयडीसीतल्या टर्नरकडून सी-आकाराची चौकट आणि वर डायल असं करून घेतलं. पहिली चौकट हलकी म्हणून अ‍ॅल्युमिनियमची. सकाळी सहाला आणि दुपारी दोनला तोच बोल्ट, तीच जागा, आणि रीडिंगमध्ये ०.००८ मिमीचा फरक. शेडमध्ये सकाळी २९ अंश, दुपारी ४३. अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या दुप्पट प्रसरण पावतं. मोकळी लांबी सकाळी आणि आवळलेली लांबी दुपारी मोजली तर ०.१६ च्या कामात पाच टक्के चूक तिथेच शिरते.

चौकट स्टीलची केली. आता बोल्ट आणि चौकट सोबतच वाढतात, फरक हजारांशातही दिसत नाही. तरी मोजणं सकाळी साडेसहा ते नऊ एवढंच ठेवलं आणि बोल्ट रात्रभर गेजशेजारी. हातात धरून गरम झालेला बोल्ट लगेच मोजू नका. दोन्ही चौकटी आणि डायल मिळून २,९५० रुपये.

१३ मे

०.१६ ताणाला किती टॉर्क लागतो ते रॉड व्हाइसमध्ये धरून काढलं, व्हाइसला तांब्याचे जबडे लावून. आटे आणि नटाची बैठक, दोन्हीकडे सारखंच मोली. पहिल्यांदा आवळताना ४४, ढिला करून दुसऱ्यांदा ४०, तिसऱ्यांदा ३७, त्यानंतर ३६-३७ वर स्थिर. आटे एकमेकांत घासून गुळगुळीत होतात तोपर्यंत टॉर्क खोटं सांगतो. पहिल्याच वेळी ३७ वर थांबलो असतो तर ताण ०.१३ च मिळाला असता.

त्याच बोल्टावर मोलीऐवजी इंजिन ऑइल लावलं तर ०.१६ ला ४८ लागले, आणि दर वेळी दोन-तीनचा फरक. म्हणून कोणी 'किती टॉर्क?' विचारलं तर आधी 'काय लावून?' हे विचारावं. मॅन्युअलमधला आकडा मूळ बोल्ट आणि तेल यांचा आहे. तोच आकडा मोली लावून जुन्या बोल्टावर वापरला तर बोल्ट ओढून बारीक होतो. एप्रिलमध्ये निघालेल्या त्या तीन बोल्टांचं असंच झालं असणार.

ही तीन आवर्तनं प्रत्येक बोल्टाला दिली. ब्लॉकमध्ये बसल्यावर गेज आत जात नाही, म्हणून ही मेहनत बाहेरच करावी लागते.

१६ मे

आता बिगएंडचं (रॉडच्या खालच्या टोकाचं) बोअर. काढण्याआधी जुन्या बोल्टांवर मोजून ठेवलं होतं: उभं ४५.००९, आडवं ४५.०१२. नवे बोल्ट ०.१६ ताणावर: उभं ४४.९८५, आडवं ४५.०१९. ०.०३४ अंडाकृती. चारही रॉड थोडेफार असेच.

नवा बोल्ट जास्त जोराने दाबतो, कॅप खाली बसते, आणि जाडसर मध्यभाग कॅपला थोडं सरकवतो. असंच जोडलं तर उभ्यात तेलाची जागा ०.०१५ उरते आणि पहिल्याच उन्हाळ्यात शेल जातात. बोल्ट बदलले म्हणजे बिगएंडचं होनिंग (बोअर घासून अचूक गोल करणं) आलंच. ज्याला ते करायचं नाही त्याने कंपनीचेच बोल्ट लावावेत, इंजिन जास्त जगेल.

१८ मे ते ४ जून

रॉड होनिंगचं मशीन नाशिकला. रॉड एसटीच्या पार्सलने गेले. सूचना: कॅपचा जोड ०.०५ मिमी घासायचा, बोल्ट ३७ ला मोली लावून आवळायचे, बोअर ४५.०१०, गोलाई ०.००५ च्या आत. सोबत मोलीची पुडीही दिली होती.

२७ मेला रॉड परत. वर्कशॉपच्या चिठ्ठीवर चारही ४५.०१०. इथे ०.१६ ताणाला आवळून मोजलं तर उभं ४४.९९६. पुडी न उघडलेली. त्यांनी कोरडे आवळून ३७ दिले, ताण मिळाला ०.१० च्या आसपास, आणि त्या ताणावर बोअर अगदी बरोबर होतं. फोनवर उत्तर: "आम्ही तर असंच करतो, दादा."

दुसऱ्यांदा रॉड आवळूनच पाठवले. ०.१६ ताण इथे देऊन नट आणि कॅपवर पिवळ्या पेंटची रेघ, आणि चिठ्ठी: रेघ तुटायला नको. कॅप आधीच घासलेल्या होत्या, त्यामुळे नुसतं होनिंग पुरलं. ४ जूनला परत, रेघा जशाच्या तशा, बोअर ४५.००८ ते ४५.०११. दुसऱ्या वेळचे पैसे घेतले नाहीत. होनिंग ३,६०० रुपये, पण गेलेले नऊ दिवस कोणाच्या बिलात नाहीत.

कॅप घासून पुन्हा होन केलं की रॉडची लांबी सुमारे ०.०२ मिमी कमी होते. त्याने फरक पडत नाही. पण चारही रॉड सारखेच कमी व्हायला हवेत, म्हणून एकाच रॉडचं काम करून घेऊ नका.

७ जून

वजन. नवा बोल्ट-नट जुन्यापेक्षा २.४ ग्रॅम जड, म्हणजे रॉडमागे जवळपास पाच ग्रॅम, पण चारही रॉडवर सारखे, त्यामुळे प्रश्न नाही. कॅप घासल्यामुळे आलेला फरक बघायला सराफ बाजारातून काटा आणला, ०.०१ ग्रॅमचा. जळगावात निदान काट्याची अडचण येत नाही. बिगएंडचं टोक काट्यावर, वरचं टोक दोरीने लटकवून. सर्वात जड आणि हलक्यात ३.१ ग्रॅम. कॅपच्या तळाच्या गुठळीतून घासून ०.८ वर आणलं. घासलेल्या जागी धारदार रेघ ठेवू नका, पॉलिश करा. चीर तिथूनच सुरू होते.

९ जून

शेल नवे, २,६०० रुपये. प्लास्टिगेजने (तेलाची जागा मोजायच्या प्लास्टिकच्या मऊ तारेने) चारही ०.०३८ ते ०.०४३. तार ठेवल्यावर क्रँक हलवायचा नाही. दुसऱ्या सिलिंडरला हलला, तार फासली, परत करावं लागलं. मग शेवटची जोडणी: मोली, २० ला दोन्ही नट, मग २९, मग ३७, एकाच सलग ओढीत. मध्ये थांबलं तर पुन्हा सुटताना घर्षण जास्त लागतं आणि क्लिक लवकर येतो. अशा वेळी ढिला करून पुन्हा.

बोल्ट ६ तिसऱ्या सिलिंडरला गेला.

एकूण खर्च: बोल्ट २१,४००, गेज २,९५०, होनिंग ३,६००, शेल २,६००, प्लास्टिगेज ३५०, गास्केट, तेल, फिल्टर ४,२००. बेरीज ३५,१००. मजुरी धरलेली नाही. प्रत्यक्ष हात लागले साधारण ५२ तास, बाकी वाट बघण्यात.

१२ जून

स्पार्क प्लग काढून स्टार्टर फिरवला, तेलाचा दाब येईपर्यंत. मग चालू. पहिली वीस मिनिटं १५०० ते २५००, आयडलवर सोडलं नाही. त्यानंतर पाचोरा, भडगाव, चाळीसगाव आणि परत, ४००० च्या आत. फिल्टर कापून बघितला: चुंबकाला थोडी काळी धूळ, चमकणारे कण नाहीत. रॉडचे नट 'एकदा बघून घेऊ' म्हणून पुन्हा आवळायचे नसतात. त्याने फक्त ताण बिघडतो.

२१ जुलै

११०० किलोमीटर, त्यात मैदानावरच्या दोन दिवसांच्या फेऱ्या, ७५०० पर्यंत. पाऊस लागल्यामुळे गाडी उभीच होती, म्हणून चेंबर उतरवून तपासणी. शेल चारही स्वच्छ, राखाडी, सारखे घासलेले.

बोल्ट एकेक काढून, रात्रभर गेजशेजारी ठेवून, सकाळी वहीशी ताडून बघितले. सात बोल्टांची लांबी ०.००५ च्या आत तीच. नंबर ६ वहीपेक्षा ०.०३६ जास्त. ८ मेच्या त्या एका आवळण्यात तो ताणाच्या मर्यादेबाहेर गेला होता आणि तेव्हाचे ०.०२ ही त्याची सुरुवात होती. नट बोटांनी अजून शेवटपर्यंत फिरतो, म्हणजे नुसत्या बोटांच्या तपासणीत तो पास झाला असता.

नववा बोल्ट काढला. तीन आवर्तनं दिली, ३६ ला ०.१६. तिसऱ्या रॉडचं बोअर पुन्हा मोजलं: उभं ४५.००८, आडवं ४५.०१०. बोल्ट ६ चे आटे करवतीने कापून मगच भंगारात टाकला, नाहीतर कोणी उचलून लावतो.